व्हीलचेअरच्या चाकांना मोटार मिळाली, पण सीटचं काय? पॉवर सीटिंग म्हणजे काय, ते कुणाला आणि कशासाठी लागतं?

गोंदिया असो, तिरोडा असो की देवरी, बाजाराच्या दिवशी बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. दिव्यांग व्यक्ती कुणाच्या मदतीशिवाय बाजारात येते, कामं आटोपते आणि घरी जाते. चांगलीच गोष्ट आहे. त्यामुळे 'इलेक्ट्रिक व्हीलचेअर' म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं: चाकं आणि ती फिरवणारी मोटार.

पण ज्या माणसाचं मानेखालचं शरीर हलत नाही, त्याला खुर्ची पुढे नेण्याइतकंच आणखी एक काम जमायला हवं. बसल्या जागी शरीराची स्थिती बदलणं. आपण सिनेमा बघताना, परीक्षा देताना, एसटीत बसल्यावर नकळत शेकडो वेळा चुळबूळ करतो. या पायावरचा भार त्या पायावर, कधी मागे टेकणं, कधी पुढे वाकणं. ही चुळबूळ थांबली तर काय होतं? काही तासांत त्वचा लाल होते आणि काही दिवसांत जखम होते. ती जखम चिघळली तर जिवावर बेतू शकतं.

हे टाळण्यासाठी व्हीलचेअरच्या सीटला वेगळी मोटार बसवतात. तिलाच 'पॉवर सीटिंग' म्हणतात. त्याचे फायदे काय, मर्यादा काय आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात ही गोष्ट मिळवायची कशी, हे समजून घेऊया.

पॉवर सीटिंग म्हणजे नेमकं काय?

बटण किंवा जॉयस्टिक वापरून सीटची स्थिती बदलता येणं म्हणजे पॉवर सीटिंग. ज्यांचा हात चालत नाही, त्यांच्यासाठी डोक्यानं किंवा हनुवटीनं चालणारे स्विचही असतात. यात मुख्यतः पाच हालचाली येतात.

- टिल्ट: पूर्ण सीट, पाठ आणि पाय एकाच वेळी मागे झुकतात. कंबरेचा आणि गुडघ्याचा कोन बदलत नाही. झुलती खुर्ची मागे गेली आणि तिथेच थांबली, असं समजा.
- रिक्लाइन: फक्त पाठ मागे जाते. ट्रॅव्हल्सच्या पुशबॅक सीटसारखी.
- पाय वर उचलणं: पाय ठेवायची पट्टी वर येते आणि गुडघा सरळ होतो.
- सीट उंच होणं: सलूनमधली खुर्ची जशी वर-खाली होते, तशी सीट वर जाते. साधारण २५ ते ३५ सेंटीमीटरपर्यंत.
- उभं राहणं: सीट हळूहळू उभी होते आणि पट्ट्यांच्या आधारानं माणूस उभ्या स्थितीत येतो.

प्रत्येक खुर्चीत ही पाचही वैशिष्ट्यं नसतात आणि प्रत्येकाला ती लागतही नाहीत. कुणाला काय हवं, हे आजार, वय, घर आणि दिवसभराची कामं यावर ठरतं.

ही कल्पना आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडातले संशोधक जॉर्ज क्लाईन यांनी १९५० च्या दशकात मोटारवर चालणारी व्हीलचेअर तयार केली. हातही नीट न चालणाऱ्या सैनिकांना ती स्वतः चालवता यावी, हा उद्देश होता. पुढे १९५६ च्या सुमारास अमेरिकेत एव्हरेस्ट अँड जेनिंग्स कंपनीनं अशा खुर्च्यांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. १९६० च्या दशकात स्वीडनमधले डॉक्टर पेर उडेन यांनी पर्मोबिल ही कंपनी सुरू केली. खुर्ची रुग्णाला फक्त इकडून तिकडे नेणारी नको, दिवसभर नीट बसवणारीही हवी, हा विचार यातूनच पुढे सरकला.

महाराष्ट्रातही सैनिकांमुळेच या विषयाची सुरुवात लवकर झाली. पुण्याजवळ खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला दुखापत झालेले जवान तिथे राहतात आणि व्हीलचेअरवरचं आयुष्य नव्यानं शिकतात. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था काम करते आहे. म्हणजे आपल्याकडे या विषयातलं ज्ञान नवं नाही. ते गोंदियापर्यंत पोहोचायला मात्र खूप वेळ लागतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा: जखमा टळतात

बसल्यावर आपला बहुतेक भार ढुंगणाच्या दोन टोकदार हाडांवर येतो. हाड आणि सीट यांच्या मध्ये त्वचा, चरबी आणि स्नायू दाबले जातात. रक्तवाहिन्या दबल्या की त्या भागाला ऑक्सिजन कमी मिळतो. दुखलं की आपण लगेच हलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला मात्र तिथे दुखतच नाही. धोक्याची घंटाच बंद पडलेली असते.

यातून होणाऱ्या जखमेला डॉक्टर प्रेशर इंज्युरी म्हणतात, आपण बेडसोअर म्हणतो. नाव 'बेड'चं असलं तरी खुर्चीत बसूनही ती होते. वरून लहान दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. ती भरायला महिनोन्महिने लागतात, कधी ऑपरेशन करावं लागतं आणि संसर्ग रक्तात पसरला तर जीव जाऊ शकतो.

ज्यांचे हात मजबूत आहेत, ते हातांवर जोर देऊन शरीर उचलतात किंवा पुढे आणि बाजूला वाकतात. पण किती वेळ? ब्रिटनमधल्या २००३ च्या एका अभ्यासात असं दिसलं की दबलेल्या भागात ऑक्सिजनचं प्रमाण पूर्ववत व्हायला सरासरी पावणेदोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो. हातांवर शरीर उचलून दोन मिनिटं थांबून बघा. धडधाकट माणसालाही जमणार नाही. टिल्टमध्ये मात्र बटण दाबायचं आणि हवा तितका वेळ मागे झुकून राहायचं.

पण किती झुकायचं? साधं गणित बघा

थोडंसं मागे झुकलं की भार कमी झाला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सरळ बसल्यावर सीटवर ५० किलो भार आहे असं समजा. शाळेतलं कोसाइन आठवत असेल, तर हिशोब साधारण असा लागतो.

- १५ अंश टिल्ट: सीटवर सुमारे ४८ किलो
- ३० अंश टिल्ट: सुमारे ४३ किलो
- ४५ अंश टिल्ट: सुमारे ३५ किलो
- ५५ अंश टिल्ट: सुमारे २९ किलो

प्रत्यक्षात गादी, शरीराची ठेवण आणि बसण्याची पद्धत यामुळे आकडे बदलतात. पण मुद्दा स्पष्ट आहे. १५ अंशांनी माणसाला 'मागे टेकलो' असं वाटतं, भार मात्र जवळपास तेवढाच राहतो. खरा फरक ३० अंशांच्या पुढे पडायला लागतो. सीटवरून कमी झालेला भार पाठीवर जातो, म्हणून पाठीचा आधारही चांगला हवा.

परदेशातल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. टिल्टची सोय असलेले अनेक जण दिवसभर छोट्या कोनातच वापर करतात आणि पूर्ण मागे क्वचितच जातात. म्हणजे महागडी खुर्ची घरात आहे, पण तिचा मुख्य फायदाच मिळत नाही. म्हणून खुर्चीइतकंच तिचं प्रशिक्षण महत्त्वाचं आहे.

टिल्ट आणि रिक्लाइन यात फरक काय पडतो?

पुशबॅक सीट मागे केल्यावर शर्ट वर सरकतो आणि आपण थोडे खाली घसरतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. रिक्लाइनमध्ये पाठ मागे जाताना त्वचा एका दिशेला ओढली जाते आणि आतली हाडं दुसरीकडे सरकतात. या घासण्यालाच शिअर म्हणतात. नाजूक त्वचेला ते दाबाइतकंच घातक आहे. शिवाय कंबरेचा कोन अचानक उघडला की काहींच्या पायांत जोरदार पेटके येतात.

टिल्टमध्ये शरीराचे कोन तसेच राहतात, म्हणून घसरणं आणि पेटके दोन्ही कमी. मग रिक्लाइन कशाला? कारण त्याचेही उपयोग आहेत. लघवीची नळी घालणं, डायपर किंवा कपडे बदलणं, कंबरेच्या सांध्याला ताण देणं, दुपारी जरा आडवं होणं. ही कामं खुर्चीतच झाली तर प्रत्येक वेळी माणसाला उचलून खाटेवर न्यावं लागत नाही. टिल्ट आणि रिक्लाइन एकत्र वापरले तर सीटवरचा भार सगळ्यात जास्त कमी होतो.

दोन्ही असतील तर क्रम लक्षात ठेवा. मागे जाताना आधी टिल्ट, मग रिक्लाइन. परत येताना आधी रिक्लाइन सरळ, मग टिल्ट. उलट केलं तर शरीर पुढे घसरतं.

रक्तदाब, सूज, श्वास आणि जेवण

मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर अनेकांचा रक्तदाब बसल्यावर एकदम खाली येतो. डोळ्यांसमोर अंधारी येते, कधी शुद्ध हरपते. अशा वेळी खुर्ची लगेच मागे टिल्ट केली की रक्त डोक्याकडे येतं आणि बरं वाटतं.

पण इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर कधी कधी रक्तदाब अचानक खूप वाढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तेव्हा मागे झुकवायचं नाही, सरळ बसवायचं. मग लघवीची नळी अडली आहे का, पोट साफ झालं आहे का, कपडे किंवा पट्टे घट्ट आहेत का हे बघायचं आणि लवकर आराम पडला नाही तर तातडीनं दवाखाना गाठायचा. घरातल्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा.

पायांच्या सुजेबाबतही गैरसमज आहे. फक्त पायांची पट्टी वर उचलल्यानं सूज फारशी उतरत नाही, कारण पाय हृदयाच्या पातळीपेक्षा खालीच राहतात. शिवाय मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतील तर पाय सरळ करताना कंबर पुढे ओढली जाते. पाय उचलणं टिल्ट आणि रिक्लाइनच्या जोडीनं केलं, तरच पाय हृदयाच्या वर जातात.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा सेरेब्रल पाल्सीमध्ये मान आणि धड सावरणं कठीण असतं. सरळ खुर्चीत बसवलं की मूल पुढे कलंडतं, छाती दबते आणि श्वास पुरेसा भरत नाही. थोडा टिल्ट दिला तर डोकं मागे टेकतं, नजर समोर राहते आणि हात मोकळे होतात. मात्र जेवताना खूप मागे झुकवू नका. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

सीट उंच होते, त्यानं काय होतं?

ही सोय अनेकांना चैन वाटते. पण खाट, गाडी किंवा कमोडवर सरकताना उंचीचा फार फरक पडतो. खालच्या जागेवरून वर चढण्यापेक्षा वरून खाली सरकणं सोपं असतं. सीट थोडी उंच केली की सरकताना खांद्यांवर कमी जोर येतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी खांदे म्हणजेच पाय. ते निकामी झाले तर उरलेलं स्वातंत्र्यही जातं.

शिवाय फडताळावरचा डबा, लाईटचं बटण, बँकेचं किंवा तहसील कार्यालयाचं काउंटर हाताला येतं. समोरच्याशी मान वर करून बोलावं लागत नाही. उभ्या माणसांच्या घोळक्यात दिवसभर कंबरेच्या उंचीवरून बोलत राहणं म्हणजे काय, ते खुर्चीवर बसलेल्यालाच कळतं.

अमेरिकेतही हा वाद बरीच वर्षं चालला. सीट उंच होणं ही वैद्यकीय गरज नाही, असं तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचं म्हणणं होतं. अखेर १६ मे २०२३ रोजी मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या संस्थेनं भूमिका बदलली आणि ठरावीक प्रकारच्या पॉवर व्हीलचेअरसाठी ही सोय विम्यात घेतली. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सुरक्षितपणे सरकता येणं आणि वस्तूंपर्यंत हात पोहोचणं या गोष्टी त्यात ग्राह्य धरल्या गेल्या.

उभं करणारी व्हीलचेअर: भारतात काय मिळतं?

या बाबतीत आयआयटी मद्रासचं काम महत्त्वाचं आहे. तिथल्या टीटीके सेंटरनं फिनिक्स मेडिकल सिस्टीम्ससोबत 'अराइज' ही हाताच्या जोरावर उभी होणारी व्हीलचेअर २०१९ मध्ये आणली. २०२५ मध्ये 'निओस्टँड' ही बटणावर उभी करणारी इलेक्ट्रिक व्हीलचेअर आली. बाजारात आली तेव्हा तिची किंमत सुमारे ९० हजार रुपये होती. आयात केलेल्या खुर्च्यांच्या तुलनेत ती बरीच कमी आहे. बेंगळुरूची ऑस्ट्रिच मोबिलिटी ही कंपनीही भारतात पॉवर व्हीलचेअर बनवते.

उभं राहिल्यानं सांधे आखडत नाहीत, पोट साफ व्हायला मदत होते आणि माणूस इतरांच्या उंचीवर येतो. पण अनेक वर्षं न चाललेल्या पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात. थेट उभं केलं तर फ्रॅक्चर होऊ शकतं, रक्तदाबही पडू शकतो. म्हणून डॉक्टरांनी हाडं आणि सांधे तपासल्याशिवाय ही खुर्ची वापरू नये.

गोंदियात हा प्रश्न वेगळा का आहे?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजार आणि त्यातले दर सहापैकी पाच जण खेड्यांत राहणारे. शेती मुख्यतः धानाची.

आता घरातलं वेळापत्रक बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जायचं. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. जुलैत रोवणी सुरू झाली की घरातली प्रत्येक हातपाय चालणारी व्यक्ती बांधीत असते. मग खुर्चीवर बसलेल्या माणसाजवळ कोण असतं? बहुतेक वेळा म्हातारी आजी किंवा शाळकरी भाचा. डॉक्टरांनी 'दर अर्ध्या तासानं स्थिती बदला' असं कागदावर लिहून दिलेलं असतं. ६० किलोच्या माणसाला ती आजी कशी हलवणार?

पॉवर सीटिंगची खरी किंमत इथे कळते. शहरात पगारी मदतनीस ठेवता येतो. रोवणीच्या दिवसांत गावात पैसे देऊनही माणूस मिळत नाही. बटण दाबून स्वतःचं शरीर हलवता आलं, तर एक माणूस सुरक्षित राहतो आणि दुसऱ्याची मजुरी बुडत नाही. जखम झालीच, तर नागपूरपर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास, तिथला मुक्काम आणि सोबतच्या माणसाचे बुडालेले दिवस, हा सगळा खर्च कुटुंबाच्या डोक्यावर येतो.

उन्हाळाही इथला साधा नाही. पारा ४० च्या पुढे गेला की गादीवर घाम साचतो आणि ओली त्वचा लवकर फाटते. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असेल तर इजेच्या खाली घामच नीट येत नाही, त्यामुळे शरीर तापतं. अशा दिवसांत स्थिती बदलत राहणं आणखी गरजेचं होतं.

सरकारी योजनांमधून काय मिळतं?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. देशात हालचालींशी संबंधित दिव्यांगत्व असलेले ५४ लाखांहून अधिक. साधनं देणारी मुख्य योजना म्हणजे केंद्राची एडीआयपी. तिच्यातून कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीची साधनं शिबिरांमध्ये दिली जातात. गंभीर दिव्यांगत्व असलेल्या १६ वर्षांवरील व्यक्तींसाठी मोटारवर चालणारी ट्रायसिकल आणि व्हीलचेअरही या योजनेत येते.

अडचण अशी की ट्रायसिकल चालवायला हात आणि धड दोन्ही सावरता यावे लागतात आणि तिची सीट हलत नाही. पोलिओ झालेल्या किंवा पाय गमावलेल्या व्यक्तीसाठी ती उत्तम आहे. मानेपासून खाली लुळं पडलेल्या व्यक्तीसाठी ती उपयोगाची नाही. शिबिरात 'मोटारची गाडी मिळाली' म्हणून फोटो निघतो, पण दोन तास तिच्यावर बसणं या व्यक्तीला धोक्याचं ठरू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये व्हीलचेअर देण्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. सार एकच: आधी माणसाची तपासणी, मग त्याच्या मापाची खुर्ची, मग ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि नंतर पाठपुरावा. नुसतं वाटप म्हणजे सेवा नव्हे.

मग मार्ग कोणते?

- यूडीआयडी कार्ड काढा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बहुतेक योजनांसाठी लागतं.
- तपासणी करून लेखी शिफारस घ्या. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स आणि केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं सीआरसी केंद्र आहे. पूर्वेकडच्या गावांना रायपूरचं एम्सही जवळ पडतं. चिठ्ठीवर नुसतं 'व्हीलचेअर' लिहून घेऊ नका. 'दाबामुळे होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी टिल्टची आवश्यकता' असं कारणासह लिहून घ्या.
- ५ टक्के निधीबद्दल विचारा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगर परिषद यांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.
- खासदार निधीसाठी अर्ज करा. या निधीतून दिव्यांगांसाठी मोटारवर चालणाऱ्या व्हीलचेअर घेता येतात.
- राज्याचा विभाग लक्षात ठेवा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे.

एवढे पैसे नाहीत, मग?

बॅटरीवरची साधी व्हीलचेअर हजारांत मिळते. टिल्ट आणि रिक्लाइन मोटारवर हवे असतील तर खर्च लाखाच्या पुढे जातो आणि परदेशी बनावटीची खुर्ची कित्येक लाखांची असते. बहुतेक घरांना हे परवडणारं नाही. पण मधले पर्याय आहेत.

पहिला पर्याय, हातानं टिल्ट होणारी व्हीलचेअर. मागे उभं राहून दांडा दाबला की सीट झुकते. शरीराला फायदा तोच, पण दुसरा माणूस लागतो. तरी उचलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे आणि आजीलाही जमू शकतं. दुसरा, चांगली गादी. हवेची, जेलची किंवा फोमची, थेरपिस्टनं सुचवलेली. मध्ये भोक असलेली रिंग मात्र वापरू नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा अडतो. तिसरा, दर १५ ते ३० मिनिटांनी टेबलावर पुढे ओणवं होणं किंवा बाजूला कलणं, निदान दोन मिनिटं. मोबाईलवर अलार्म लावला की विसर पडत नाही.

घेण्याआधी हे प्रश्न विचारा

- टिल्ट किती अंशांपर्यंत होतो? ३० च्या आत असेल तर दाब कमी करण्यासाठी त्याचा फार उपयोग नाही.
- खुर्चीचं वजन किती? बिघडली तर कोण उचलणार, कशात नेणार?
- पूर्ण मागे झुकल्यावर खुर्ची उलटणार नाही, याची चाचणी तुमच्यासमोर दाखवतील का?
- घराचा दरवाजा किती रुंद आहे? टिल्ट करताना मागे किती जागा लागते?
- उंबरा आणि पायऱ्यांसाठी रॅम्प आहे का? एक फूट उंचीला किमान १२ फूट लांबीचा उतार, हे प्रमाण लक्षात ठेवा.
- नागपुरात किंवा गोंदियात दुरुस्ती होते का? बॅटरी, मोटार आणि जॉयस्टिक किती दिवसांत मिळतात?
- वीज गेली किंवा बॅटरी संपली तर झुकलेली सीट हातानं सरळ करता येते का? गावात राहणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारावा.
- पावसात जॉयस्टिक आणि वायरिंगला संरक्षण आहे का? चिखलात चाकं फसणार नाहीत ना?

खुर्ची आल्यानंतर

पहिले काही दिवस थेरपिस्टनं सांगितलेल्या कोनातच सुरुवात करा. पूर्ण मागे जायची सुरुवातीला भीती वाटते, ती हळूहळू जाते. दर तासाला मोठ्या कोनात काही मिनिटं राहण्याची सवय लावा. सीट उंच असताना खडबडीत रस्त्यावर खुर्ची चालवू नका. टिल्ट करताना मागे लहान मूल, भिंत किंवा चूल नाही ना, हे आधी बघा.

आणि एक काम कितीही भारी खुर्ची आली तरी सुटत नाही. रोज रात्री झोपताना ढुंगण, माकडहाड, टाचा आणि खांदे तपासायचे. स्वतःला दिसत नसेल तर आरसा किंवा मोबाईलचा कॅमेरा वापरायचा. लाल किंवा काळपट डाग दाब काढल्यावरही अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर बसणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या त्वचेवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा मऊ लागत असेल तर तो इशाराच समजा.

तुमच्या ओळखीत कुणी दिवसभर व्हीलचेअरवर असेल, तर 'खुर्ची कशी चालते' याबरोबरच 'खुर्चीत हलता येतं का' हेही विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या शिबिराची वाट न पाहता आधी थेरपिस्टची वेळ घ्या.